खोदणं थांबवणारा माणूस

भूगोलाच्या पुस्तकात सुएझ आणि पनामा हे दोन कालवे नेहमी जोडीनेच यायचे. सुएझ १८६९, पनामा १९१४. एक आफ्रिका आणि आशिया यांच्यामध्ये, दुसरा दोन अमेरिकांच्या मध्ये. मुलं हे एका दमात म्हणून दाखवायची आणि दोन गुण मिळवायची. शिकवायलाही सोपं होतं. पण निवृत्तीनंतर सवडीने वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट वरचेवर मनात यायला लागली. ही जोडीच मुळात फसवी आहे. सुएझसारखाच पनामा, असं ज्या ज्या माणसांनी मानलं त्यांनी हजारो लोकांचे प्राण घेतले. आणि ज्याने तसं मानलं नाही, उलट गेल्या गेल्या खोदकाम बंद केलं, त्याचं नाव आपल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आज त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी थोडी मागची हकिगत सांगायला हवी.

सुएझ कालवा काढणारा फर्दिनान्द द लेसेप्स हा इंजिनीअर नव्हता. तो फ्रेंच वकिलातीत काम केलेला मुत्सद्दी. माणसं जोडणं, पैसा उभा करणं, राजेरजवाड्यांना पटवणं यात त्याचा हात कोणी धरला नसता. सुएझचं काम अवघड होतंच. सुरुवातीची काही वर्षं तर इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरून त्यांच्याकडून ते करून घेतलं गेलं, मग वाफेची यंत्रं आली. पण जमीन सपाट, वाळूची, मध्ये आयती खोलगट सरोवरं, पाऊस जवळजवळ नाहीच. दोन्हीकडचं पाणी साधारण एका पातळीवर. म्हणजे सरळ चर खणायचा आणि समुद्र आत घ्यायचा. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा उघडला आणि लेसेप्स साऱ्या युरोपचा लाडका झाला. त्याचा फायदा आपल्या मुंबईलाही झाला. विलायतेच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालायच्या थांबल्या आणि मुंबई बंदर युरोपला हजारो मैलांनी जवळ आलं.

मग १८७९ साली पॅरिसमध्ये पनामासाठी परिषद भरली. लेसेप्स तेव्हा ७३ वर्षांचा होता. (माझ्या वयाच्या आसपासचा म्हणून ही गोष्ट लक्षात राहिली. या वयात नवं काम अंगावर घ्यायला धाडस लागतं हे मी कबूल करते.) त्याने आधीच ठरवलं होतं की पनामालाही सुएझसारखाच, समुद्रसपाटीचा, दरवाजे नसलेला कालवा काढायचा. परिषदेत गोदँ द लेपिने नावाचा एक फ्रेंच इंजिनीअर उभा राहिला. मध्य अमेरिकेतला प्रदेश त्याने पाहिला होता. तो म्हणाला, डोंगर समुद्रापर्यंत खाली कापू नका. नदीवर धरण बांधा, वर मोठं तळं तयार करा आणि दोन्ही बाजूंनी पायऱ्यांसारखे बांधीव हौद करून जहाजं तळ्यात चढवा आणि पलीकडे उतरवा. गंमत म्हणजे पस्तीस वर्षांनी जो कालवा प्रत्यक्षात उघडला तो अगदी याच कल्पनेवर! पण तेव्हा लेसेप्सच्या नावाचा असा दबदबा होता की सपाटीच्या कालव्याच्या विरोधात जेमतेम आठ मतं पडली. बाजूने मत देणाऱ्यांत इंजिनीअर थोडेच होते.

पनामाची जमीन कशी होती ते जरा पाहू या. अटलांटिककडच्या बाजूला आपल्या कोकणासारखा पाऊस, वर्षाला तीन मीटरच्या पुढे. मधोमध चाग्रेस नदी, ती कालव्याच्या वाटेत पुन्हा पुन्हा आडवी येणारी आणि एका रात्रीत कित्येक मीटर चढणारी. पलीकडे कुलेब्राचा डोंगर. त्याचा खडक एकसंध नाही, चिकणमातीचे आणि मऊ शिळांचे थर एकावर एक. पावसात भिजले की घसरणारे. शिवाय पॅसिफिकची भरती-ओहोटी सहा मीटरच्या घरात आणि अटलांटिककडची अर्ध्या मीटरचीसुद्धा नाही. म्हणजे दरवाजांशिवाय कालवा हे मुळातच कठीण. हे सगळं नकाशावर आणि मोजमापात दिसत होतं. पण 'सुएझला जमलं, इथेही जमेल' या एका वाक्यापुढे कोणी काही बोलेना.

आणि मग ताप. पीतज्वर आणि हिवताप. फ्रेंचांनी आंकोनच्या टेकडीवर रुग्णालय उभारलं, चांगलं प्रशस्त, हवेशीर, भोवती सुंदर बाग. मुंग्यांनी खाटांवर चढू नये म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. बागेतल्या झाडांभोवतीही पाण्याची आळी. डास कशामुळे वाढतात आणि ताप कशामुळे येतो हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे रुग्णालयातच डासांची पैदास व्हायची. एका आजारासाठी आलेला माणूस दुसऱ्याच तापाने जायचा. पीतज्वर दारुड्या आणि बेताल माणसांना होतो अशी तेव्हा समजूत होती. फ्रेंच कामाचा प्रमुख ज्यूल दँग्लेर कुटुंबासकट तिथे राहायला गेला. वर्षभरात त्याची मुलगी गेली, मुलगा गेला, मुलीचा वाग्दत्त वर गेला आणि शेवटी बायकोही गेली. तो मात्र कामावर येत राहिला. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

फ्रेंचांच्या काळात किती माणसं मेली? साधारण बावीस हजार असा अंदाज सांगतात. अंदाजच, कारण नोंदी फक्त रुग्णालयातल्या मृत्यूंच्या. रुग्णालयात मजूर ठेवला तर त्याचे पैसे कंत्राटदाराला भरावे लागायचे. त्यामुळे ताप चढलेला दिसला की कंत्राटदार मजुराला कामावरून काढून टाकत. तो मग रस्त्याकडेला कुठेतरी मरायचा आणि कुठल्याच वहीत यायचा नाही.

१८८७ साली लेसेप्सने अखेर दरवाजांचा कालवा मान्य केला. मनोऱ्यामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या गुस्ताव्ह आयफेलला त्याचं काम दिलं. पण तोवर तिजोरी रिकामी झाली होती. १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर फ्रान्समधल्या लाखो साध्यासुध्या माणसांची शिल्लकही बुडाली. त्यांच्यात शेतकरी होते, छोटे दुकानदार होते, विधवा बायका होत्या. लाच आणि फसवणुकीचे खटले चालले. लेसेप्सला शिक्षा झाली, पण वयामुळे तुरुंगात जावं लागलं नाही. १८९४ मध्ये तो वारला.

यानंतर अमेरिकेने काम हाती घेतलं. तो राजकीय भाग मी थोडक्यात उरकते, कारण तो फारसा शोभादायक नाही. पनामा तेव्हा कोलंबियाचा प्रांत होता. कोलंबियाच्या संसदेने करार फेटाळला, तेव्हा नोव्हेंबर १९०३ मध्ये अमेरिकन युद्धनौकांच्या आधाराने पनामा 'स्वतंत्र' झाला आणि पंधरा दिवसांत करारही झाला. पनामाच्या वतीने सही करणारा माणूस फ्रेंच होता!

मे १९०४ मध्ये अमेरिकनांनी ताबा घेतला आणि फ्रेंचांची चूक त्यांनी पहिल्याच वर्षी पुन्हा केली. वॉशिंग्टनमधून एकच घोषा सुरू होता, माती उडताना दिसली पाहिजे. वर्तमानपत्रांना फोटो हवे होते, पुढाऱ्यांना आकडे हवे होते. राहायला घरं नव्हती, प्यायला पाणी नव्हतं, जुने फ्रेंच डबे रुळावरून घसरत होते, पण खोदकाम मात्र सुरू होतं. डॉक्टर विल्यम गॉर्गस डासांविरुद्ध मोहीम काढायला माणसं आणि सामान मागत होते. त्यांनी क्युबात हवाना शहरातला पीतज्वर याच मार्गाने संपवला होता. पण पनामातले वरचे अधिकारी डासांची गोष्ट खुळचटपणाची मानत. १९०५ च्या उन्हाळ्यात साथ आली, शेकडो अमेरिकन मिळेल त्या बोटीने घरी पळाले आणि मुख्य इंजिनीअरनेही राजीनामा दिला.

त्याच्या जागी आला तो आपल्या लेखाचा नायक, जॉन स्टीव्हन्स. हा रेल्वेवाला. अमेरिकेच्या वायव्येकडे डोंगराळ मुलखात रूळ टाकण्यात आयुष्य गेलेलं. तो जुलै १९०५ मध्ये पोचला, चिखलातून पायी हिंडला, पाहिलं, विचारलं आणि ऑगस्टमध्ये हुकूम काढला की कुलेब्राचं खोदकाम बंद.

कल्पना करा. सगळा देश 'किती खोदलं' म्हणून विचारतोय आणि नवा साहेब येऊन सांगतोय की खोदायचं नाही! आपल्याकडे एखाद्या अधिकाऱ्याने असं केलं तर त्याची आठ दिवसांत बदली होईल. स्टीव्हन्सने वाफेची फावडी उभी करून ठेवली आणि खोदणाऱ्या माणसांना गॉर्गसच्या आणि घरबांधणीच्या कामाला लावलं. पनामा आणि कोलोन या शहरांत नळाचं पाणी आलं, त्यामुळे घरोघरी पिंपांत पाणी साठवायची गरज उरली नाही. घरांना धुरी दिली, डबक्यांवर तेल ओतलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, गटारं बांधली. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉसने आपल्याच देशात, सिकंदराबादला, १८९७ साली दाखवून दिलं होतं. त्या ज्ञानाला अवघी आठ वर्षं झाली होती. नोव्हेंबर १९०५ नंतर पनामा शहरात पीतज्वराचा रुग्ण झाला नाही. हिवताप पुरता गेला नाही, पण बराच आटोक्यात आला.

स्टीव्हन्सचं दुसरं शहाणपण त्याच्या रेल्वेच्या डोक्यातून आलेलं. तो म्हणाला, पनामाचा प्रश्न माती खणण्याचा नाहीच, खणलेली माती वाहून नेण्याचा आहे. ज्याने घराच्या मागे विहीर खणून घेतली आहे त्याला हे लगेच कळेल. खड्डा कोणीही खणतो, वर आलेला ढिगारा कुठे टाकायचा इथे घोडं अडतं. त्याने जुने हलके रूळ काढून भारी रूळ टाकले, मार्ग दुहेरी केला. कुलेब्राच्या दोन्ही बाजूंना रूळ असे मांडले की भरलेली गाडी उताराला लागेल आणि रिकामी चढावर येईल. फावड्यासमोर रिकामे डबे कायम हजर. डबे रिकामे करायला एक भला मोठा नांगर गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोराने ओढत नेत, की काही मिनिटांत सगळी गाडी साफ. आणि ती माती वाया गेली नाही. त्यातली बरीचशी धरणात आणि पॅसिफिककडच्या बंधाऱ्यात गेली.

तिसरं म्हणजे त्याने कालव्याचा आराखडाच बदलायला लावला. तज्ज्ञांच्या मंडळाचं बहुमत तेव्हाही सपाटीच्या कालव्याकडे होतं! स्टीव्हन्सने चाग्रेसचा पूर डोळ्यांनी पाहिला होता. वॉशिंग्टनला जाऊन त्याने धरण, तळं आणि दरवाजे यांची बाजू मांडली. जून १९०६ मध्ये सिनेटमध्ये ३६ विरुद्ध ३१ मतांनी दरवाजांचा कालवा मंजूर झाला. तीन मतं इकडची तिकडे झाली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून अंगावर काटा येतो.

या आराखड्याची खुबी अशी. चाग्रेस नदी म्हणजे शत्रू होती, तिलाच कामाला लावलं. गातून इथे मातीचं धरण बांधलं, सुमारे सव्वादोन किलोमीटरपेक्षा लांब आणि तळाशी जवळजवळ आठशे मीटर रुंद. त्यामागे समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवर तळं तयार झालं, त्या काळी जगातलं सर्वांत मोठं मानवनिर्मित. नदीचा पूर त्या तळ्यात जिरला. ऐंशी किलोमीटरच्या वाटेचा मोठा भाग न खणताच तयार झाला, कारण जहाज तळ्यावरून जाऊ लागलं. डोंगर २६ मीटर कमी खणावा लागला. आणि दरवाजांमधले हौद भरायला तळ्याचंच पाणी. पंप नाही, काही नाही. झडपा उघडल्या की पाणी आपल्या वजनाने खाली येतं, हौद भरतो आणि हजारो टनांचं जहाज वर उचललं जातं. प्रत्येक हौद ३०५ मीटर लांब आणि साडेतेहेतीस मीटर रुंद.

१९०७ च्या सुरुवातीला स्टीव्हन्सने राजीनामा दिला. का दिला याचं समाधानकारक कारण त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढची सात वर्षं लष्करी इंजिनीअर जॉर्ज गोथल्स यांनी काम नेटाने तडीस नेलं. त्यांचं श्रेय मला कमी करायचं नाही. कुलेब्राचा डोंगर वर्षानुवर्षं घसरत होता, महिनोन् महिने खणलेलं एका रात्रीत भरून जायचं, आणि तरी हा माणूस डगमगला नाही. १५ ऑगस्ट १९१४ रोजी 'आंकोन' हे जहाज कालव्यातून पार झालं. युरोपात महायुद्ध नुकतंच पेटलं होतं, त्यामुळे जगाने फारशी दखल घेतली नाही.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की वाटतं, शहाण्या माणसांची सरशी झाली, गोड शेवट झाला. पण एवढ्यावर थांबले तर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

हा कालवा हाताने खणला कोणी? मुख्यतः वेस्ट इंडीजच्या काळ्या मजुरांनी. एकट्या बार्बाडोस या चिमुकल्या बेटावरून करारावर सुमारे वीस हजार माणसं गेली. पगारपत्रकं दोन होती. गोरे अमेरिकन 'गोल्ड रोल'वर, त्यांना सोन्याच्या नाण्यांत पगार. बाकीचे 'सिल्व्हर रोल'वर, त्यांना चांदीत, तासाला दहा सेंटच्या आसपास. मग ही सोन्या-चांदीची विभागणी पगारापुरती राहिली नाही. टपाल कचेरीची खिडकी वेगळी, दुकान वेगळं, शाळा वेगळी, प्यायच्या पाण्याचा नळसुद्धा वेगळा. पाणवठा वेगळा म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

गॉर्गसच्या मोहिमेचा फायदाही सारखा वाटला गेला नाही. पीतज्वर मुख्यतः बाहेरून नव्याने आलेल्या गोऱ्यांना मारत होता, म्हणून तो आधी संपवला. मजुरांच्या कोंदट बराकींत, ओल्या कपड्यांत झोपणाऱ्या माणसांना न्यूमोनिया मारत होता. १९०६ साली काळ्या मजुरांचं मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट होतं. त्यात सुरुंगांचे अपघात. १२ डिसेंबर १९०८ रोजी बास ओबिस्पो इथे वीस टनांहून जास्त डायनामाइट वेळेआधीच उडालं आणि तेवीस माणसं गेली. अमेरिकन काळातले नोंदलेले मृत्यू ५,६०९. त्यातले साडेचार हजारांच्या आसपास वेस्ट इंडियन. शिवाय तळ्याखाली चाग्रेसकाठची जुनी गावं गेली आणि त्या माणसांना उठावं लागलं, तो हिशोब निराळाच. धरणाखाली गाव जाणं म्हणजे काय हेही आपल्याला सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, बाई, मोठी कामं अशीच होतात. माणसं मरतात म्हणून कालवे, घाट, धरणं बांधायचीच नाहीत का? बांधायची. मी कालव्याच्या विरोधात नाही. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या जहाजाचा बारा हजारांवर किलोमीटरचा फेरा त्याने वाचवला. माझं म्हणणं एवढंच की हे मृत्यू 'होतातच' असं नव्हतं. १९०५ चा तो हुकूम त्याचा पुरावा आहे. घाई थांबवली, नळ टाकले, जाळ्या लावल्या, तर पीतज्वराने माणसं मरायची थांबली. मग मजुरांच्या बराकी कोरड्या केल्या असत्या तर न्यूमोनियाने मरायचीही कमी झाली असती. तेही ठाऊक होतं. तिथे कोणी काम थांबवलं नाही, कारण मरणारे चांदीच्या यादीतले होते.

मोठ्या कामांबद्दल आपण बोलतो तेव्हा 'माणसाने निसर्गावर मात केली' असं हमखास म्हणतो. मला ते पटत नाही. फ्रेंच मात करायला गेले होते. जमलं ते पाऊस, नदी आणि डास यांचं ऐकून घेतलं तेव्हा. आणि ते ऐकणं अजून संपलेलं नाही. एक जहाज पार होताना तळ्यातलं सुमारे वीस कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. देशातल्या निम्म्याअधिक लोकांचं पिण्याचं पाणीही याच पाणलोटातलं. २०१६ मध्ये नवे, मोठे दरवाजे उघडले, त्यांना पाणी पुन्हा वापरायचे हौद जोडले आहेत. तरी २०२३ मध्ये पाऊस ओढला तेव्हा एरवी दिवसाला छत्तीसच्या आसपास जाणारी जहाजं डिसेंबरात बावीसवर आणावी लागली. लवकर पार व्हायचा नंबर मिळावा म्हणून एका जहाजाने लिलावात जवळजवळ चाळीस लाख डॉलर मोजले! आता रिओ इंदिओ नदीवर नवं धरण बांधायचं घाटत आहे आणि तिथले शेतकरी उठायला तयार नाहीत. ३१ डिसेंबर १९९९ पासून कालवा पनामाच्या मालकीचा आहे, म्हणजे या वेळी दोष द्यायला बाहेरचा साहेब नाही. पाणी कमी, माणसांची गावं मध्ये आणि जगाला घाई. एकोणीसशे पाचचाच प्रश्न पुन्हा उभा आहे. पहिल्यांदा काय पाहायचं, किती माती उडाली ते की माणसं कशी राहतात ते?

आपल्याकडे हल्ली प्रत्येक कामाचं उद्घाटन किती लवकर झालं याचं कौतुक होतं. पूल, बोगदे, महामार्ग, सगळं विक्रमी वेळेत. त्यावर किती मजूर होते, ते कुठे झोपत होते, किती जण घरी परतले नाहीत, हे फलकावर कधी वाचलंय तुम्ही? मी तरी नाही.

माझ्या हातात आजही पेपर तपासायला आले आणि 'पनामा कालवा कोणी बांधला?' या प्रश्नाला एखाद्या मुलाने 'बार्बाडोसच्या मजुरांनी' असं उत्तर लिहिलं, तर मी पूर्ण गुण देईन. आणि त्याने पुढे स्टीव्हन्सने काम का थांबवलं ते दोन ओळींत लिहिलं, तर एक गुण वरचा. नियमात बसो वा न बसो.